काळ्या मातीच्या पाणंदीला चुना आणि कारखान्याची राख : कुणी करून पाहिलंय का?

चिकोडीचं_शिवार
मंडळी नमस्कार. गावठाणापासून आमच्या वस्तीपर्यंत साधारण पाऊण किलोमीटर पाणंद आहे आणि ती सगळी काळ्या रानातून जाते. उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की गेल्या मे महिन्यात धाकट्या पोरीची चप्पल भेगेत गेली, ती खुरप्यानं उकरून काढावी लागली. जुलैत तीच वाट फुगते आणि लोण्यासारखी होते. गेल्या पावसाळ्यात आईला रात्री दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी येईना, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाज टाकून नेली. ते काही मनातून जात नाही.

सहा वर्षांत तीन वेळा मुरूम टाकला. पहिला पावसाळा बरा जातो, दुसऱ्या पावसाळ्यात मुरूम गेला कुठं तेच कळत नाही. माती गिळून टाकते. आता कुणी म्हणतंय, चुना आणि साखर कारखान्याच्या बॉयलरची राख मातीत मिसळून रोलर फिरवला तर माती फुगायची थांबते. राख आम्हाला फक्त भाडं भरून मिळेल. खरंच उपयोग होतो का? किती घालायची? गावातल्या लोकांनी मिळून करण्यासारखं आहे का?

निपाणीकर_काका
मी केलंय, आणि फसलोय. चार वर्षांपूर्वी गोठ्यापुढचं अंगण काळ्या मातीचं होतं. सात ट्रॉल्या राख आणून पसरली, नांगरटीत मिसळली, वरून ट्रॅक्टर फिरवला. पहिल्या मोठ्या पावसात सगळं राखाडी लोणचं झालं. म्हशींचे पाय वीतभर आत जायला लागले. चुना अजिबात घातला नव्हता. राख फुकट आहे ना, मग तेवढ्यावरच भागेल असं वाटलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून लिहितोय.

अथणी_ऊसवाला
राख शेतात टाका हो, पालाश मिळतं. रस्त्यात कशाला घालवताय?

माती_आणि_मी
(मी स्थापत्य अभियंता आहे, रस्त्यांच्या कामावर आयुष्य गेलं. थोडं लांबेल, पण सविस्तर लिहितो.)

निपाणीकर काकांच्या अंगणात नेमकं काय झालं ते आधी समजून घेऊ. आपली काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेली आहे. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज चिरोट्यासारखं असतं, पदरावर पदर. त्या पदरांमधे पाणी शिरतं आणि पदर एकमेकांपासून दूर सरकतात, म्हणून माती फुगते. पाणी गेलं की पदर मिटतात आणि भेग पडते. नुसती राख त्या पदरांना काही करत नाही. ती फक्त मातीत भेसळ होते.

चुना दोन कामं करतो. पहिलं काम काही तासांत होतं. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरचं सोडियम वगैरे हटवून त्याची जागा घेतं. बारीक कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात, चिकटपणा जातो, माती रवाळ होते. हाताला लगेच कळतं. दुसरं काम संथ आहे. चुन्यामुळे मातीचा सामू (पीएच) १२ च्या वर जातो, त्या तीव्र अल्कली पाण्यात सिलिका आणि ॲल्युमिना विरघळतात, आणि कॅल्शियमशी जुळून सिमेंटसारखा चिकट पदार्थ बनतो. याला आठवडे लागतात, महिनेही लागतात. राखेचा उपयोग इथे होतो. तिच्यात सिलिका भरपूर असते, ती या दुसऱ्या कामाला माल पुरवते. चुना नसेल तर राखेतली सिलिका तशीच पडून राहते. राख हा चुन्याचा सोबती आहे, चुन्याचा बदली कामगार नव्हे.

चुन्याचं प्रमाण साधारण कोरड्या मातीच्या वजनाच्या ३ ते ८ टक्के. राख १० टक्क्यांच्या आसपास ठेवा. फार वाढवली तर मिश्रण हलकं पडतं, पाणी जास्त मागतं आणि दाबलं तरी घट्ट बसत नाही.

गवंडीकाम
साहेबांनी सांगितलं ते आमच्या वडिलांना दुसऱ्या शब्दांत ठाऊक होतं. चुन्याच्या घाणीत बैल फिरायचा त्या काळात चुन्यात विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालायचे. सुरखी घातली की चुना पाण्याखालीही धरतो. म्हैसूरजवळचं कृष्णराजसागर धरण सुरखी-चुन्यातच बांधलंय. तुमची राख म्हणजे त्या सुरखीच्या जागी आलेली. एक सांगतो, कळीचा चुना आणि फक्की यातला फरक समजून घ्या. कळीचा चुना पाणी पडताच उकळतो. फक्की म्हणजे आधीच विरलेला. गावच्या लोकांनी मिळून करायचं असेल तर फक्कीच आणा.

येळ्ळूरची_सून
गवंडीकाका, याच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या दिरांच्या डोळ्यात कळीच्या चुन्याची वाफ आणि कण गेले होते. घर रंगवायला चुना विरवत होते, बादलीत वाकून बघितलं. पाण्यानं वीस मिनिटं धुतलं आणि तसंच दवाखान्यात नेलं, म्हणून डोळा वाचला. गॉगल, हातमोजे, गमबूट, तोंडाला कापड. आणि वाऱ्याच्या दिवशी फक्कीची पोती फोडू नका. पोरांना तिकडे फिरकू देऊ नका.

आमचं घरही काळ्या मातीत आहे, बासमतीच्या रानाकडेचं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय, दर उन्हाळ्यात रुंद होते, पावसाळ्यात मिटते. त्यालाही चुना चालेल का?

माती_आणि_मी
ताई, उभ्या घराखाली चुना मिसळता येत नाही. तुमच्याकडे आधी पाण्याचा बंदोबस्त बघा. मोरीचं पाणी एकाच कोपऱ्यात मुरतंय का? पागोळ्या भिंतीलगत पडतात का? भिंतीला खेटून मोठं झाड आहे का? घराची एक बाजू ओली आणि एक कोरडी राहिली की भिंत तिरकी फाटते. सगळीकडे सारखी ओल असेल तर त्रास फार कमी. घराभोवती किमान चार-पाच फूट रुंद फरशी, बाहेरच्या बाजूला उतार, पन्हळीचं पाणी लांब. नवीन घर बांधणाऱ्यांसाठी अंडररीम्ड पाइल आहेत, म्हणजे पायासाठी जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले. काळ्या मातीत ते निदान साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तिथपर्यंत ऋतूप्रमाणे ओल बदलत असते.

येळ्ळूरची_सून
मोरीचं पाणी. अगदी त्याच कोपऱ्यात. उद्याच खणून बघते.

खानापूर_जांभा
मला हे सगळं अवघड करून ठेवल्यासारखं वाटतं. आमच्याकडे लाल माती, जांभा, मुरूम भरपूर. दीड-दोन फूट चांगला मुरूम टाका, रोलर मारा, झालं. चुन्याला पैसे कशाला?

चिकोडीचं_शिवार
खानापूरकर, तुमच्या दारात मुरूम आहे हो. आमच्याकडे तो येईपर्यंत डिझेलचा खर्च मुरमापेक्षा जास्त होतो. पाऊण किलोमीटरला दोन फूट मुरूम म्हणजे आमच्या पंधरा घरांना झेपणारं काम नाही.

माती_आणि_मी
खानापूरकरांचं म्हणणं चूक नाही. मुंबई आयआयटीतले प्रा. कट्टी यांनी हेच शास्त्रात बसवलं. चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा जाड थर काळ्या मातीवर दाबून बसवला तर खालची फुगवण वर येत नाही. कालव्यांच्या कामात ही पद्धत वापरली गेली, आपल्या मलप्रभेच्या कालव्यांवरही. पण तिथे थर मीटरभराच्या हिशोबाचा असतो. पाणंदीवर चार-सहा इंच मुरूम टाकून तो परिणाम मिळत नाही. खालची माती लोण्यासारखी झाली की चाक मुरमाला आत ढकलतं आणि चिखल वर येतो. धागाकर्त्यांनी "गिळते" म्हटलंय, अगदी तसंच.

म्हणून दोन्ही जोडायचं. खाली चुन्यानं बांधलेला थर, त्यावर पातळ मुरूम. चुन्याचा थर उघडा ठेवू नका, बैलगाडीच्या धावेनं तो झिजतो.

अथणी_ऊसवाला
वर मी रस्त्यात कशाला म्हटलं होतं. पण एक गोष्ट नीट सांगायला हवी. आमच्याकडे कृष्णाकाठची जमीन पाणी देऊन देऊन क्षारपड झाली, म्हणून लोक जिप्सम टाकतात. मी स्वतः टाकलंय. त्या मातीत चुना चालेल का?

माती_आणि_मी
फार महत्त्वाचा मुद्दा, बरं झालं विचारलंत. जिप्सम म्हणजे सल्फेट. सल्फेट, चुना आणि मातीतली ॲल्युमिना पाण्यासोबत एकत्र आली की सुयांसारखे स्फटिक तयार होतात आणि ते माती वर उचलतात. म्हणजे फुगवण थांबवायला गेलो आणि नवीन फुगवण आणली असं होतं. अमेरिकेत अशा चुनामिश्रित रस्त्यांना उंचवटे आलेले आहेत. पाणंदीला लागून ज्यांच्या रानात जिप्सम गेलंय किंवा पांढरे क्षार वर आलेत, तिथली माती आधी सल्फेटसाठी तपासा. नुसता माती परीक्षणाचा नेहमीचा कागद पुरणार नाही, सल्फेट वेगळं सांगून करून घ्यावं लागतं.

चिकोडीचं_शिवार
आमच्या बाजूला जिप्सम कुणी टाकलेलं नाही, तरी तपासून घेतो. आता राखेचं विचारतो. कारखान्याची राख ओली येते, काळीशार. भाताच्या गिरणीतली तुसाची राख बरी का? आमच्या एका पाहुण्यांची चुरमुऱ्याची भट्टी आहे, तिथे तूस जाळतात.

माती_आणि_मी
तुसाची राख सिलिकेच्या बाबतीत श्रीमंत, नीट जळली तर ८५-९० टक्के सिलिकाच. पण हिशोब बघा. १०० किलो भाताला साधारण २० किलो तूस निघतं आणि २० किलो तुसाची राख जेमतेम ४ किलो. उसाच्या पट्ट्यात बगॅसची, म्हणजे चिपाडाची राख ढीगभर मिळते, तुसाची शोधत फिरावी लागते.

रंग बघा. काळी म्हणजे न जळलेला कोळसा जास्त, त्याचा उपयोग नाही. करडी-पांढरट राख चांगली. मात्र फार तापलेली गुलाबी-पांढरी राखही थंड पडते, कारण खूप उष्णतेत सिलिकेचे स्फटिक होतात आणि ती चुन्याशी बोलेनाशी होते. ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान जळलेली सर्वांत कामाची. ओली राख पसरून वाळवा, चाळा, वाळू आणि अर्धवट जळलेलं चिपाड काढा.

हुक्केरी_मास्तर
विज्ञान शिकवतो, म्हणून घरच्या घरी होणारी एक चाचणी सांगतो. भारतीय मानकातली आहे, मुक्त फुगवण म्हणतात. वाळवलेली माती कुटून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढायची. दोन १०० मिलिलिटरच्या मापनपात्रांत १०-१० ग्रॅम घालायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. काचेच्या कांडीनं ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक भागिले रॉकेलमधलं माप, गुणिले १००. पन्नासच्या आत असेल तर फार काळजी नाही, शंभरच्या वर गेली तर सांभाळा.

चिकोडीचं_शिवार
मास्तर, धन्यवाद! करतो.

नंदगडचा_पोरगा
आमच्या आजोबांच्या चंचीत चुना कायम असायचा. त्यांना पाणंदीवर पाठवलं असतं तर काम कधीच झालं असतं :)

निपाणीकर_काका
:) चंचीतला चुना पानाला, पोत्यातला पाणंदीला. पोरा, माझा रोटाव्हेटर आहे. चिकोडीकर, ठरलं तर मी घेऊन येतो. अंगणात केलेली चूक कुठेतरी भरून निघू दे.

चिकोडीचं_शिवार (नऊ दिवसांनी)
मंडळी, रॉकेल मिळवण्यातच दोन दिवस गेले. शेवटी एका जुन्या स्टोव्हवाल्याकडे पाव लिटर मिळालं. शाळेतून मापनपात्रं आणली. आमच्या मातीचं रॉकेलमधलं माप ११, पाण्यातलं २०. म्हणजे ८२ टक्के. सकाळी बघितलं तर पाण्याच्या भांड्यात माती ढगासारखी वर आलेली. आई म्हणाली, "अगदी आंबोळीचं पीठ आलंय बघ."

सल्फेटचा अहवालही आला, अगदी किरकोळ आहे.

दुसरं म्हणजे लाडू केले. नुसती माती, माती आणि राख, माती आणि ५ टक्के चुना, माती आणि चुना आणि १० टक्के राख. प्रत्येकी चार. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सावलीत ठेवलेत, वाळू नयेत म्हणून. पंधरा दिवसांनी बादलीत सोडणार.

माती_आणि_मी
उत्तम. चुन्याचं प्रमाण ठरवायला अजून एक करा. वेगवेगळ्या प्रमाणात चुना घातलेली माती पाण्यात कालवून तासभर अधूनमधून हलवा आणि सामू बघा. ज्या सर्वांत कमी प्रमाणाला सामू १२.४ ला पोचतो, तेवढा चुना तुमच्या मातीची भूक भागवतो. सामू मोजणारं यंत्र मास्तरांच्या प्रयोगशाळेत असेल.

हुक्केरी_मास्तर
आहे. रविवारी या, चहा घेऊ.

चिकोडीचं_शिवार
लाडवांचा निकाल. नुसत्या मातीचे चारही लाडू वीस मिनिटांत बादलीच्या तळाला चिखल होऊन बसले. राख-मातीचे अर्धा तास टिकले, मग तेही गेले. (निपाणीकर काका, तुमचं अंगण माझ्या बादलीत दिसलं.) चुन्याच्या लाडवांच्या कडा सुटल्या, पण गोळा राहिला. चुना आणि राखेचे लाडू दुसऱ्या दिवशीही जसेच्या तसे. एकावर मी उभा राहिलो, तडकला पण फुटला नाही. मास्तरांकडे सामू ५ टक्क्यांना १२.४ वर गेला. तेच प्रमाण धरतोय.

गवंडीकाम
चुना ताजा आणा. उघड्या पोत्यातला फक्की चुना हवा खाऊन परत खडूसारखा होतो, त्याला काही जोर नाही. पोतं फोडलं की त्याच दिवशी संपवा.

माती_आणि_मी
सगळी पाणंद एकदम घेऊ नका. १० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड असा एक तुकडा करा. साडेचार घनमीटर दाबलेली माती, वजन साधारण पावणेसात टन. ५ टक्के चुना म्हणजे ३४० किलो, २५ किलोची १४ पोती. राख १० टक्के, पावणेसात क्विंटल.

वरचा मुळ्या-काड्यांचा, शेणखताचा थर खरवडून टाका. सेंद्रिय पदार्थ चुन्याचं काम अडवतात. मग राख आणि चुना सारखा पसरून रोटाव्हेटर. ढेकूळ राहिलं तर त्याच्या पोटातली माती तशीच फुगणार, म्हणून मिसळण्यात कंजुषी करू नका. पाणी मारून एक-दोन दिवस मुरत ठेवा, मग पुन्हा रोटाव्हेटर. ओल किती हवी हे शेतकऱ्याला मी काय सांगू? वापसा येतो तशी. मुठीत धरली की गोळा व्हावी आणि बोटानं ढकलली की फुटावी. मग रोलर. मधे पाठ काढा म्हणजे पाणी दोन्ही बाजूंच्या चरात जाईल. चर नसतील तर बाकीचं सगळं वाया. आठवडाभर पाणी शिंपडून ओलं ठेवा, गोणपाट टाका, जड वाहन सोडू नका. आणि हे मृगाच्या बरंच आधी व्हायला हवं.

अथणी_ऊसवाला
चुन्याचं पाणी कडेच्या रानात आणि विहिरीत जाणार नाही हेही बघा. माती जास्त अल्कली झाली तर कडेचा ऊस पिवळा पडेल आणि शेजारी भांडायला येईल.

चिकोडीचं_शिवार (एप्रिल)
झालं! निपाणीकर काका पहाटे पाचलाच रोटाव्हेटर घेऊन हजर. बायका-माणसं मिळून अकरा जण होतो. सगळ्यांना गॉगल दिले, येळ्ळूरच्या ताईंचा निरोप सगळ्यांना वाचून दाखवला. पहिल्या फेरीत ढेकळं मुठीएवढी निघाली. चुना टाकून रात्रभर मुरत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी हात घातला, तर माती खरंच रव्यासारखी. तीस वर्षं ही माती हाताळतोय, अशी कधी लागली नव्हती. बोटांना चिकटलीच नाही. त्या क्षणी मला पटलं.

पूर्व टोकाला बांधाच्या दगडाला लागेल म्हणून काकांनी रोटाव्हेटर उचलला, तिथे फूटभर पट्टी नीट मिसळली नाही. मी फावड्यानं केली, बघू.

येळ्ळूरची_सून
फार छान वाटलं वाचून. आमच्या मोरीचा पाइप फुटलेला निघाला, बदलला. आता या उन्हाळ्यात भेगेवर पेन्सिलीनं खूण करून ठेवलीय.

खानापूर_जांभा
पावसानंतरचे फोटो टाका, मग मी मानेन.

चिकोडीचं_शिवार (जुलैचा शेवट)
फोटो टाकलेत. खानापूरकर, नीट बघा. वळीव झाला, मृग झाला, आर्द्रात तर आठ दिवस संततधार होती. तुकड्याच्या अलीकडे आणि पलीकडे घोट्याच्या वर चिखल. मधल्या तेहतीस फुटांवर वरचा मुरूम ओला, पण जागच्या जागी. लोखंडी सळई टोचली तर चुन्याच्या थराला ठण लागते, बाजूच्या मातीत ती वीतभर आपोआप जाते. पूर्वेकडच्या त्या फूटभर पट्टीत चाकोरी पडली. फावड्यानं मिसळलेलं आणि रोटाव्हेटरनं मिसळलेलं यातला फरक तिथे उघड दिसतो.

आमची आई काल छत्री घेऊन त्या तुकड्यापर्यंत चालत आली. म्हणाली, "हे दारापर्यंत आण."

खानापूर_जांभा
मानलं. मुरूम लागला तर सांगा, आमच्या बाजूनं दोन ट्रिपा भाडं न घेता पाठवतो.

चिकोडीचं_शिवार
उरलेल्या पाणंदीसाठी पंचायतीत अर्ज दिलाय, पंधरा घरांच्या सह्या आहेत. पंचायतीनं चुना दिला तर राख आणि राबणं आमचं. संक्रांतीनंतर सुरू करायचं, दर आठवड्याला शंभर फूट. काका, जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा धरून ठेवाल का?

निपाणीकर_काका
धरल्या. पाती नवीन बसवून घेतो. आणि पहिल्या आठवड्यात त्या पूर्वेकडच्या पट्टीपासूनच सुरू करू.